इंजिनाखालचं वर्तमानपत्र

माझी आत्या वर्तमानपत्र दोनदा वाचायची. एकदा सकाळी चहाबरोबर, आणि दुसऱ्यांदा पुढच्या सकाळी, रात्रभर ते गाडीच्या इंजिनाखाली पसरून ठेवल्यावर. दुसरं वाचन जास्त बारकाईने व्हायचं. पेट्रोल उडून जातं, पण जाताना कागदावर पिवळट कडा सोडून जातं. ती कडा केवढी, कालच्यापेक्षा वाढली की कमी झाली, हे ती चष्मा कपाळावर चढवून बघायची आणि मला फोनवर कळवायची.

"आज अर्थमंत्री भिजले. काल निदान खेळाच्या पानावर निभावलं होतं."

गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी होती. इंग्रजी बनावटीची, काळी, पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले. आतोबा कल्याणला डॉक्टर होते आणि खाडीपलीकडच्या गावांतून व्हिजिटला ती गाडी घेऊन जायचे. जाताना ते चालवायचे, येताना मागच्या सीटवर झोपायचे आणि आत्या चालवायची. ती शाळेत विज्ञान शिकवायची. आतोबा गेले, मग आत्या निवृत्त झाली, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिची जुनी इमारत पाडून तिथे नवी उभी राहिली. नव्या इमारतीत सगळं होतं, म्हणजे लिफ्ट होती आणि एक नियमावलीही होती. त्या नियमावलीत लिहिलं होतं की इमारतीखालची पार्किंगची जागा फक्त चालू वाहनांना मिळेल.

आत्याची गाडी चालू होती की नव्हती, हा वादाचा मुद्दा होता. इंजिन सुरू व्हायचं. गाडी दोन गल्ल्या जायची आणि आचके देऊन थांबायची. उभी केली की पंपातून पेट्रोल ठिबकायचं.

सोसायटीचे अध्यक्ष एका मंगल कार्यालयाचे मालक होते. ते आत्याचे विद्यार्थी. विज्ञानात ते कधी पास झाले नव्हते, पण तो राग त्यांनी मनात ठेवला नव्हता. उलट भाषणात ते आत्याचा उल्लेख 'आमच्या गुरुमाउली' असा करायचे, आणि आत्या तोंडात लवंग टाकायची. गणपती झाल्यावर एका रविवारी ते वर आले. मी तिथेच होतो. त्यांच्या हातात पेढे होते, म्हणजे वाईट बातमी होती.

"बाई, कमिटीत विषय निघाला. पेट्रोलचा वास येतो. वरती सगळ्यांच्या घरात गॅस आहे. मुलं खाली फटाके उडवतात."

हे खरं होतं आणि आत्याने ते मान्य केलं.

"मग मी म्हटलं, बाईंची गाडी भंगारात? माझ्या हयातीत नाही! आपल्या कार्यालयासमोर चौथरा बांधलाय. त्यावर गाडी ठेवू. सोनेरी रंग देऊ. रात्री लायटिंग. नवरा-नवरी तिथे फोटो काढतील. डॉक्टरसाहेबांचं नाव राहील."

"चौथरा बांधलाय?" आत्याने विचारलं.

"बांधून झाला, बाई."

"मला न विचारता?"

"तुमच्यासाठीच तर बांधला!"

आत्याने पेढ्यांचा पुडा उघडला, एक त्यांना दिला, एक मला दिला आणि म्हणाली, "दसऱ्याला तू खाली सगळ्या गाड्यांची पूजा ठेवतोस ना? त्या दिवशी माझी गाडी स्वतःच्या पायांनी खाडीवरच्या दुर्गाडीच्या पुलापलीकडे जाऊन परत येईल. ठिबकली नाही, थांबून राहिली नाही, तर मला पार्किंगच्या खांबावर माझ्या घराचा नंबर घालून द्यायचा. नाहीतर घेऊन जा चौथऱ्यावर."

"बाई, उगाच त्रास कशाला—"

"नियम तुझाच आहे. चालू वाहन."

ते गेल्यावर मी म्हटलं, "आत्या, तू पण काय! पूल म्हणजे गावाची वेस झाली."

"सीमोल्लंघनच आहे ना त्या दिवशी?" ती म्हणाली. "आणि ऐक, सोनेरी गाडीसमोर उभे राहून कुठलीतरी जोडपी फोटो काढतायत आणि तुझे आतोबा वरून बघतायत, हे मला चालणार नाही. त्या माणसाने स्वतःच्या लग्नातसुद्धा फोटोग्राफरला हाकललं होतं."

अशा रीतीने आमची पंपाची दुरुस्ती सुरू झाली.

पंप म्हणजे इंजिनाच्या कुशीला बसवलेला, ओंजळीत मावेल असा धातूचा गोळा. त्याचे वर-खाली दोन भाग, मध्ये रबर बसवलेल्या कापडाचा एक गोल पडदा. इंजिन चाललं की एक दांडी पडदा खाली ओढते, टाकीतून पेट्रोल येतं. स्प्रिंग पडदा वर ढकलते, पेट्रोल पुढे जातं. आत्याने हे मला कागदावर चित्र काढून, बाण दाखवून समजावलं. मी केमिस्ट्रीत पदवी घेऊन डोंबिवलीच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो, पण तिच्यासमोर मी कायम सातवीत असायचो. पंप उघडण्याआधी तिने दोन्ही भागांवर कानशीने एक रेघ ओढून घेतली, म्हणजे बसवताना तोंडं चुकायला नकोत. उघडल्यावर पडदा निघाला तो जुन्या पापडासारखा, कडेला तडकलेला.

असा पडदा बाजारात मिळण्याची आशा नव्हती. ती गाडी बनवणारे लोकच राहिले नव्हते. एसटी स्टँडजवळच्या मेकॅनिकने गाडी पाहून टोपी काढली आणि मग दोन उपाय सांगितले. एक, विजेवर चालणारा पंप बसवा. पण गाडीची बॅटरी जुन्या तऱ्हेची, निम्म्या व्होल्टची. नवा पंप तिच्यावर फिरेना. दुसरा उपाय, बॉनेटवर पेट्रोलची बाटली उलटी बांधा आणि नळी थेट सोडा.

"सलाइन?" आत्या म्हणाली. "आयुष्यभर नवऱ्याने लोकांना लावलं, आता गाडीला मी लावू? पेशंट चालायला लागला असं सलाइनच्या स्टँडसकट नाही दाखवत."

तेव्हा मी माझ्या कारखान्याचं ज्ञान पुढे केलं. आमच्या भागात जो कुणी केमिकलमध्ये कामाला असे, त्याच्या घरी कारखान्याच्या काळ्या रबरशीटचा एखादा तुकडा हमखास सापडे. नळ गळतोय, शीट. शिलाई मशिनचा पाय हलतोय, शीट. खुर्चीचा पाय वाजतोय, शीट. ज्या शीटला आमचं ॲसिड काही करत नाही, तिला जगातलं दुसरं काय करणार, असा सगळ्या औद्योगिक वसाहतीचा सामूहिक विश्वास होता. बाहेरच्या माणसाला जशी एखाद्या बाबाच्या अंगाऱ्याची खात्री असते तशी. आम्ही मात्र अंगाऱ्याला हसायचो.

मी टाकाऊ तुकडा सुपरवायझरला विचारून आणला. त्याने वर धीरही दिला, "अरे, ॲसिडला पुरून उरलेली आहे ही. पेट्रोल म्हणजे हिला सरबत!"

पडदा कापला, बसवला, इंजिन सुरू केलं. ते असं गुळगुळीत चाललं की अध्यक्ष खाली येऊन टाळ्या वाजवून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"मुख्यमंत्री, विरोधी पक्षनेता आणि शब्दकोडं. सगळं ओलं. तू ये."

पंप उघडला तर पडदा फुगून दुप्पट जाड झालेला, कडा लोंबत होत्या, बोटाने दाबला की भिजवलेल्या साबुदाण्यासारखा मऊ. आत्याने चष्मा कपाळावर चढवून तो जवळून बघितला.

"ॲसिड कशातलं?" तिने विचारलं.

"पाण्यातलं."

"पेट्रोल?"

पाण्यातल्या वस्तूला जे दाद देत नाही ते तेलातल्या वस्तूला दाद देणार नाही असं कुठे लिहिलंय? उलट बहुतेक वेळा देतंच. हे मला माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.

"मीही विचारलं नाही तुला," ती म्हणाली. "दोघंही नापास. चल, प्रयोगापासून सुरुवात."

नवरात्र तोंडावर आलं होतं. आत्याने गॅलरीत, स्वयंपाकघरापासून लांबच्या टोकाला, लोणच्याच्या रिकाम्या बाटल्या मांडल्या, प्रत्येकीत थोडं पेट्रोल घेतलं आणि घरात-दारात सापडेल ते रबर कापून एकेक तुकडा आत टाकला: रिक्षाची ट्यूब, सायकलची ट्यूब, रेनकोटची बाही, गरम पाण्याच्या पिशवीचा कोपरा, कुकरची जुनी रिंग. झाकणं घट्ट. बाटल्यांवर चिठ्ठ्या. शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "यंदा कसलं लोणचं घातलंत?"

"ट्यूबचं," आत्या म्हणाली. काकूंनी गॅलरीचं दार लावून घेतलं.

दोन्ही ट्यूब विरघळल्यागत फुगल्या. रेनकोट सुटून त्याचं कापड वेगळं झालं. पिशवीचा कोपरा वाकडातिकडा झाला. कुकरची रिंग मात्र जशीच्या तशी. वाफ, तेल, वरणाची फोडणी, सगळं सोसलेली ती रिंग पेट्रोललाही पुरून उरली. पण रिंगेतून तळहाताएवढा गोल पडदा कसा कापायचा? मध्ये तर भोकच.

"म्हणजे असं रबर असतं," आत्या म्हणाली. "आहे हे कळलं. आता कुठे आहे ते शोधायचं."

मला आठवतं, त्या क्षणी मी मनातल्या मनात गाडी चौथऱ्यावर चढवून मोकळा झालो होतो. आत्याने मात्र बाटल्या धुवायला घेतल्या.

त्याच आठवड्यात अध्यक्षांनी मला गाठलं. त्यांच्या दसरा समारंभाच्या पत्रिका ठाण्याच्या एका छापखान्यात छापल्या जायच्या. मी पुस्तकं वाचतो ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. "तुम्ही ठाण्याला जाता-येता. प्रूफ बघून या ना. ऱ्हस्व-दीर्घ तुम्हीच बघा. लोक नावं ठेवतात."

गेलो. वागळे इस्टेटच्या अलीकडे एका गाळ्यात छापखाना होता. पत्रिकेवर अध्यक्षांचं नाव सर्वांत मोठ्या टायपात, त्याखाली देवीचं, जरा लहान. कार्यक्रम: वाहनपूजन, सत्कार, अल्पोपाहार. आणि मध्ये, वेलबुट्टीच्या चौकटीत: 'ऐतिहासिक मोटारीचे मंगल कार्यालयास समर्पण.' ऱ्हस्व-दीर्घ बिनचूक होते.

मी प्रूफ हातात धरून उभा होतो. समोर मशिनवाला एक छपाई संपवून दुसरी लावत होता. मशिनच्या सिलिंडरवर ताणून बसवलेलं रबर तो डब्यातल्या द्रवात चिंधी बुडवून खसाखसा पुसत होता. वास ओळखीचा होता. गेले कितीतरी दिवस माझ्या शर्टाला तोच येत होता.

"हे पेट्रोल आहे?" मी विचारलं.

"कधी पेट्रोल, कधी रॉकेल. काय मिळेल ते."

"रोज पुसता?"

"रोज? अहो, रंग बदलला की पुसायचं. दिवसभर पुसणंच चालू."

"आणि रबर फुगत नाही?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारलं होतं, भिंत फुगत नाही? "फुगलं तर छापू कसं, साहेब? शाईचं रबर आहे ते. फाटतं, दबतं. फुगत नाही."

मी वाकून बघितलं. रबर, आणि पाठीला चिकटवलेलं कापड. जुन्या पडद्याला होतं तसंच. मी बदललेलं जुनं रबर मागितलं. कोपऱ्यात गुंडाळी पडलीच होती. चहा झाल्यावर त्याने ती माझ्या पिशवीत कोंबली. प्रूफवर मी सही केली. 'समर्पण' तसंच ठेवलं. एक वेलांटीही हलवली नाही.

आत्याने आधी पत्रिका वाचली. "समर्पण?" ती म्हणाली. "मी?" मग गुंडाळी उलगडली. त्यावर कुठल्याशा लग्नपत्रिकेची पुसट, उलटी अक्षरं अजून दिसत होती. तिने एक तुकडा कापून बाटलीत टाकला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्याकडे बघायलाही मला मनाई केली. दुसऱ्या दिवशी तुकडा बाहेर काढला, पुसला, मूळ गुंडाळीवर ठेवून पाहिला. तसाच. शिक्षिकेने उत्तरपत्रिका दोनदा तपासावी तसा तिने तो उलटून पुन्हा ठेवला. तरीही तसाच.

रबर जरा जाड होतं. पाठीच्या कापडाचा एक थर नखाने उचलून सावकाश सोलून काढला, तेव्हा ते जुन्या पडद्याइतकं लवचिक झालं. गोल तिने वर्गात वापरायच्या मोठ्या कंपासने आखला. भोकं पाडायला कोपऱ्यावरच्या चप्पलवाल्याकडून पट्ट्याचा पंच आणला. एवढं करून पंप बसवला, तर इंजिन चालेना. पडदा दोन भागांमध्ये ढोलकीसारखा ताणून बसला होता. खाली ओढला जायला त्याला जागाच नव्हती.

पुन्हा उघडला. पंपाच्या बाजूला हाताने चालवायची एक छोटी दांडी असते. आत्याने मला ती शेवटपर्यंत दाबून धरायला सांगितली, म्हणजे पडदा आधीच खाली ओढलेला राहील, आणि ती स्क्रू आवळू लागली. एक इकडचा, मग त्याच्या बरोबर समोरचा, प्रत्येकाला थोडं थोडं.

"आत्या, अंगठा गेला."

"जाऊ दे, दुसरा आहे. दांडी सोडू नकोस."

सोडली नाही. इंजिन लागलं. दुसऱ्या सकाळी कागद कोरडा होता. त्याच्या पुढच्याही. पण गाडी अजून वेशीपर्यंत गेली नव्हती, आणि आत्याने फोनवर विजयाचा एक शब्दही काढला नाही. "बघू" एवढंच.

दसऱ्याला इमारतीखाली मांडव, माईक, झेंडूची तोरणं. सगळ्या स्कूटरी आणि गाड्या हार घालून ओळीने उभ्या. अध्यक्षांनी फेटा बांधला होता आणि सत्कारासाठी आणलेल्या शालींपैकी एक आधीच स्वतःच्या खांद्यावर घेतली होती. त्यांनी माईकवर समर्पणाची घोषणा केली. टाळ्या चालू असतानाच आत्याने गाडीचं दार उघडून अध्यक्षांना हाक मारली.

"ये, मागे बैस. डॉक्टरांची जागा. साक्षीदार लागेल मला."

अध्यक्षांना ती मिरवणूक वाटली. ते लगबगीने मागे बसले आणि खिडकीतून हात हलवू लागले. मी आत्याशेजारी. गाडी निघाली. दोन गल्ल्या गेल्या, तिसरी गेली. आत्या गिअर असा बदलत होती की जणू मध्ये वर्षं गेलीच नव्हती.

दुर्गाडी किल्ल्याच्या उतारावर जत्रेची गर्दी होती. पाळणे, पिपाण्या, देवीच्या दर्शनाची रांग थेट रस्त्यावर उतरलेली. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर. आम्ही पावलापावलाने सरकत होतो, आणि पूल समोर दिसत असताना इंजिनाने आचका दिला, दुसरा दिला आणि ते बंद पडलं.

मागून अध्यक्ष हळूच म्हणाले, "बाई, गाडी खूप लांब आली. तुम्ही जिद्द दाखवली! आता मी पोरं बोलावतो, ढकलत नेऊ कार्यालयावर."

जत्रेतले चार जण ढकलायला आलेच होते. आत्या खाली उतरली. "कुणी हात लावायचा नाही!" पोरं एकदम मागे सरली. तिचा तो आवाज कल्याणच्या निम्म्या लोकांच्या ओळखीचा होता.

मी बॉनेट उघडलं. पंपाखाली बोट फिरवलं. कोरडं. छोटी दांडी हलवली. पडदा वर-खाली होत होता, पण हाताला पेट्रोलचा जोर लागत नव्हता. पंपाला बोट टेकवलं आणि भाजलं.

"गळत नाहीये. तापलाय."

आत्या मागच्या खिडकीकडे वळली. "काय रे, द्रव खूप तापला की त्याचं काय होतं?"

अध्यक्ष फेट्याखाली घामाघूम. "बाई... वायू?"

"बरोबर. आत पेट्रोलची वाफ झालीय. पंप वाफ ओढतोय. शाल दे."

"ही? सत्काराची आहे!"

"सत्कारच करतेय. दे."

रस्त्याच्या कडेला एक कोळीण पाटीतली मासळी बर्फावर मांडून बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. "घे गो बाय, बरफाचा पानी हाय, थंडगार," म्हणत तिने बादली पुढे सरकवली. शाल बादलीत गेली, आणि पिळून पंपाभोवती गुंडाळली गेली. वाफ निघाली, आणि बोंबलाचा वासही. अध्यक्षही उतरले. आम्ही तिघं उभे. कोळीण अध्यक्षांच्या फेट्याकडे बघून म्हणाली, "न्हवरा हाय काय रं तू? नि वरात हितंच थांबली?" अध्यक्षांनी फेटा उतरवून काखेत घेतला.

शाल पुन्हा भिजवली. मी दांडी हलवत राहिलो, आणि थोड्या वेळाने ती हाताला जड लागली. पेट्रोल आलं होतं. आत्याने स्टार्टर ओढला. इंजिन खोकलं आणि लागलं.

पूल ओलांडून कोनगावच्या बाजूला गाडी तिने कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवून. पर्समधून आपट्याची पानं काढली. एक मला दिलं, एक मागे वळून अध्यक्षांना. "घे सोनं. चौथऱ्याला रंग द्यायला होईल."

अध्यक्षांनी पान घेतलं, तसेच खाली उतरले आणि आत्याच्या पाया पडले. ते मनापासून होतं की मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांसाठी, मला सांगता येणार नाही. माणूस दोन्ही एकाच वेळी करू शकतो. परत आल्यावर मात्र त्यांनी स्वतः खडू मागवला आणि खांबावर आत्याच्या घराचा नंबर घातला. चौथऱ्यावर पुढे सिमेंटचे दोन हंस बसले, आणि नवरा-नवरी त्यांच्या चोचींमध्ये उभे राहून फोटो काढू लागले. शाल काही दिवस सोसायटीच्या गच्चीवर वाळत होती.

त्या संध्याकाळीही आत्याने इंजिनाखाली वर्तमानपत्र पसरलं. दसऱ्याचा अंक, त्यात पानभर शुभेच्छांची जाहिरात, मधोमध फेटा बांधलेले अध्यक्ष. दुसऱ्या सकाळी माझा फोन वाजला.

"अगदी कोरडा आहे," आत्या म्हणाली. "टोकापासून टोकापर्यंत. तू ये रविवारी, व्हिजिटच्या त्या गावांपर्यंत जाऊन येऊ. आणि अंगठ्याला काही लावलंस का?"